घरगुती वीज : वितळतार कोणाचे रक्षण करते ?

घरातील विजेसंबंधी जे प्रश्न नेहमी विचारले जातात ते दिसावयास अगदी साधे असतात. फ्यूज शाबूत असता शॉक कसा बसला? बटण बंद असूनही दिव्याच्या होल्डरला हात लागताच झटका का आला? तिसरी पिन नसली तरी इस्त्री तापतेच, मग ती पिन हवी कशाला? पायांत रबरी चपला असल्यावर भय कसले? अशा प्रश्नांना उत्तर देताना विज्ञानाचा पदवीधरही पुष्कळदा अडखळतो. ओहमचा नियम त्याला पाठ असतो. परंतु प्रवाहाची वाट तारांतून, भिंतीतून, जमिनीतून आणि प्रसंगी मनुष्यदेहातून कशी जाते, याचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे नसते.

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या अपघाती मृत्यूंविषयीच्या अहवालांवरून पाहता, भारतात अलीकडील वर्षांत विजेच्या धक्क्याने दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. यांत शेतातील पंपांचे व रस्त्यावरील तारांचे अपघात आहेत, तसेच न्हाणीघरातील गीझर, बादलीत सोडलेला पाणी तापविण्याचा रॉड आणि ओल्या अंगणातील पंप यांचेही आहेत. घरगुती अपघातांच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते : मीटरजवळ फ्यूज किंवा एमसीबी आहे, तेव्हा घरातील माणसे सुरक्षित आहेत. ही समजूत चुकीची आहे. वितळतार तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसाच्या रक्षणाची व्यवस्था वेगळी आहे, आणि ती का वेगळी असावी लागते हे साध्या अंकगणिताने दाखविता येते.

प्रवाहाची परतीची वाट

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एकीस फेज व दुसरीस न्यूट्रल म्हणतात. त्यांच्यातील विद्युत् दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता सेकंदास ५० आवर्तने असते. वस्तीतील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती दाबाची वीज देते. त्या रोहित्रापाशी न्यूट्रल तार जमिनीत पुरलेल्या विद्युदग्राला जोडलेली असते. ही जोडणी हेतुपूर्वक केलेली असते. ती नसती तर उच्च दाबाच्या गुंडाळीचा नीच दाबाच्या गुंडाळीशी अपघाताने संपर्क झाल्यास घरातील तारा जमिनीच्या तुलनेने किती दाबाला चढतील याचा नेम राहिला नसता.

या जोडणीचा दुसरा परिणाम असा की, जमीन स्वतःच मंडलाचा एक भाग बनते. फेज तारेला स्पर्श करणाऱ्या माणसाने न्यूट्रल तारेला हात लावण्याची गरज उरत नाही. तो जमिनीवर उभा आहे एवढे पुरेसे असते. हातातून शिरलेला प्रवाह पायांतून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून रोहित्राच्या न्यूट्रलकडे परत जातो.

बटण बंद असतानाही झटका का बसतो, याचे उत्तर येथेच मिळते. दिव्याचे बटण मंडलातील एकच तार तोडते. ते फेज तारेत बसविलेले असेल तर बटण बंद होताच होल्डरपर्यंत दाब पोहोचत नाही. तेच चुकून न्यूट्रल तारेत बसविले गेले, तरी दिवा नेहमीप्रमाणेच लागतो व विझतो. मात्र विझलेल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत फेजचा पूर्ण दाब तसाच राहतो. दिव्याच्या वागण्यावरून ही चूक कधीच उघडकीस येत नाही. दिवा बदलावयास चढलेल्या माणसालाच ती प्रथम कळते.

वितळतारेचे काम

तारेतून प्रवाह वाहताना उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. भिंतीतील तार तिच्या क्षमतेपलीकडे तापली की तिच्यावरील निरोधक वेष्टन मऊ होते, जळते आणि आग लागते. म्हणून मंडलात एक दुबळा दुवा मुद्दाम ठेवतात. पूर्वी पांढऱ्या चिनी मातीच्या किटकॅटमधील बारीक तार हा तो दुवा असे. आता बहुतेक घरांत एमसीबी ते काम करतो. त्यात प्रवाह थोडा वाढल्यास तापून वाकणारी द्विधातू पट्टी, आणि तो एकदम फार वाढल्यास ओढ घेणारे विद्युत् चुंबक, अशा दोन यंत्रणा असतात.

किटकॅटमधील तार वितळली की ती दुहेरी पीळ देऊन बसविण्याची सवय अनेक घरांत होती. दुबळा दुवा असा बळकट केला म्हणजे भिंतीतील तारच सर्वांत दुबळी ठरते, आणि वितळण्याचे काम तिच्याकडे जाते.

आता आकडे पाहावे. घरातील दिव्यापंख्यांच्या मंडलाचा फ्यूज ५ अँपिअरचा व मोठ्या उपकरणांच्या मंडलाचा एमसीबी १६ अँपिअरचा धरावा. २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ओल्या हाताने फेजला स्पर्श करून ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या देहाचा रोध उदाहरणादाखल १,५०० ओहम मानला, तर त्याच्यातून २३० भागिले १,५००, म्हणजे सुमारे ०.१५ अँपिअर प्रवाह वाहील. सुमारे ३५ वॅटच्या दिव्यातून एवढाच प्रवाह जातो. ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने तो तेहतिसाव्या हिश्शाएवढा आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने शंभराव्या हिश्शाएवढा आहे. घरात आणखी एक लहानसा दिवा लागला, यापलीकडे त्यांना काही कळण्यासारखे नाही. फ्यूज निकामी असल्यामुळे माणूस दगावतो असे नव्हे. फ्यूज उत्तम स्थितीत असूनही दगावतो.

देहाला किती प्रवाह सोसतो ?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झील यांनी १९४० नंतरच्या काळात केला. हातात धरलेली तार किती प्रवाहापर्यंत माणसाला स्वेच्छेने सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांची सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे हाताचे स्नायू आकसून तार अधिकच घट्ट धरली जाते. विजेने माणसाला धरून ठेवले असे लोक म्हणतात, त्याचा खरा अर्थ हा आहे. प्रत्यक्षात धरणारा हात माणसाचाच असतो. परंतु त्याच्यावर माणसाचा ताबा उरलेला नसतो.

सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो. हृदयाच्या बाबतीत मात्र प्रवाहाइतकेच काळालाही महत्त्व आहे. काही सेकंद टिकणारा सुमारे ४० ते ५० मिलिअँपिअरचा प्रवाह हृदयाच्या स्पंदनाचा ताल बिघडवू शकतो. निलयांच्या स्नायूंचे तंतू मग विसंगतपणे थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. तोच प्रवाह १० मिलिसेकंदांपुरता असेल तर तसा धोका उद्भवण्यास सुमारे ५०० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे माणसाला वाचवावयाचे तर दोनच उपाय संभवतात : प्रवाह देहातून जाऊच द्यावयाचा नाही, किंवा गेलाच तर तो सेकंदाच्या लहानशा अंशात तोडावयाचा. पहिल्या उपायासाठी भूसंपर्क आहे, दुसऱ्यासाठी गळती ओळखणारा खंडक.

तिसरी पिन

इस्त्री, गीझर, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र या उपकरणांना धातूचे कवच असते. आतील फेज तारेचे वेष्टन झिजले, किंवा गीझरमधील तापतारेच्या नळीला चीर पडली, की हे कवच २३० व्होल्टच्या दाबावर येते. उपकरण पूर्ववत् चालूच राहते. अशा कवचाला जमिनीशी जोडणारी वाट म्हणजे अर्थिंगची तार, आणि त्या तारेचे प्लगमधील टोक म्हणजे तिसरी पिन. ती इतर दोन पिनांहून लांब असते, म्हणून प्लग लावताना प्रथम जोडली जाते व काढताना शेवटी सुटते. ती जाडही असते, म्हणून फेजच्या भोकात शिरू शकत नाही.

उपकरणाचे नित्याचे काम फेज व न्यूट्रल यांवरच चालते. म्हणून तिसरी पिन कापून टाकली, किंवा तिच्यामागे भिंतीत तारच नसली, तरी उपयोगात काही फरक पडत नाही. ज्या वस्तूच्या अभावाने दैनंदिन काम अडत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. जुन्या वाड्यांत व चाळींत लाकडी पट्ट्यांवरून दोनच तारा फिरविलेल्या असत. तेथे पुढे तीन भोकांची सॉकेट बसली, तरी तिसऱ्या भोकामागे कित्येकदा काहीच नसे. काही ठिकाणी अर्थिंगची तार लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. नंतर तो नळ बदलून प्लॅस्टिकचा आला, आणि कोणाच्या ध्यानात न येता भूसंपर्क नाहीसा झाला.

मोबाइलच्या चार्जरसारख्या काही उपकरणांना दोनच पिना असतात, तो मात्र दोष नव्हे. त्यांत दुहेरी निरोधन असते. चौकोनात चौकोन अशी खूण त्यांच्यावर छापलेली आढळते.

जमिनीचा रोध

भूसंपर्क असला म्हणजे प्रश्न सुटला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तसे नाही, आणि या विषयातील महत्त्वाचा मुद्दा नेमका हा आहे.

एखाद्या घराचा भूसंपर्क घराजवळच पुरलेल्या विद्युदग्रावर अवलंबून आहे आणि त्याचा जमिनीशी रोध १० ओहम आहे असे धरावे. रोहित्राजवळच्या विद्युदग्राचा रोध २ ओहम मानावा आणि तारांचा रोध सोडून द्यावा. गीझरच्या आत फेज तार कवचाला टेकली, तर प्रवाह २३० भागिले १२, म्हणजे सुमारे १९ अँपिअर होईल. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हे प्रमाण जेमतेम १.२ पट आहे. एमसीबीच्या मानकाप्रमाणे १.१३ पट प्रवाहाला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडला पाहिजे. १.२ पट प्रवाह या दोहोंच्या मध्ये येतो. अर्थात् एमसीबी तासभर न पडणे हे मानकाला धरूनच होईल. एवढ्या काळात कवचाचा जमिनीच्या तुलनेने दाब १९.२ गुणिले १०, म्हणजे सुमारे १९२ व्होल्ट राहील, आणि ताशी सुमारे साडेचार युनिट वीज व्यर्थ खर्च होईल. फ्यूज आहे, अर्थिंग आहे, दोन्ही नियमानुसार चालत आहेत, तरीही गीझरच्या कवचावर प्राणघातक दाब आहे, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

याउलट, जेथे अर्थिंगची तार धातूच्या अखंड वाटेने रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत परत जाते, तेथे संपूर्ण वाटेचा रोध एका ओहमहूनही कमी असू शकतो. अशा ठिकाणी प्रवाह २३० अँपिअरच्या वर जातो आणि एमसीबीतील चुंबक तत्क्षणी मंडल तोडते. तेव्हा भूसंपर्काची उपयुक्तता परतीच्या संपूर्ण वाटेच्या रोधावर ठरते.

हा रोध वर्षभर सारखाही राहत नाही. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. अशा जमिनीतील विद्युत् वहन मुख्यतः ओलाव्यावर व त्यात विरघळलेल्या क्षारांवर अवलंबून असते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालण्याची आणि उन्हाळ्यात तेथे पाणी ओतण्याची पद्धत पडली. भूसंपर्काविषयीची भारतीय मानक संहिता, आयएस ३०४३, प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. असे असूनही घरगुती खड्ड्याचा रोध एकदा मोजल्यावर पुन्हा मोजला जाणे विरळाच. पावसाळ्यात मोजलेला रोध मे महिन्यातील कोरड्या जमिनीविषयी फारसे काही सांगत नाही.

फरक मोजणारा खंडक

वरील अडचणीवरचा उपाय प्रवाहाचे परिमाण न मोजता प्रवाहांतील फरक मोजण्यात सापडला. निर्दोष मंडलात फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. किर्खोफच्या नियमाचे हे सरळ उदाहरण आहे. दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेल्या, तर त्यांची क्षेत्रे परस्परांना छेदून शून्य होतात. प्रवाहाचा काही भाग अर्थिंगच्या तारेतून किंवा माणसाच्या देहातून जमिनीत गेला, तर परतीचा प्रवाह तेवढ्याने कमी पडतो. कड्यात क्षेत्र उरते, त्यावरील बारीक गुंडाळीत दाब उत्पन्न होतो आणि खंडक सुटतो. बाजारात या साधनास आरसीसीबी म्हणतात. जुन्या सवयीने ईएलसीबी हे नावही चालते. डाल्झील यांनीच १९६० नंतरच्या दशकात या तत्त्वावरील घरगुती खंडक अमेरिकेत पुढे आणला. युरोपातही त्याच सुमारास अशा खंडकांचा विकास झाला.

घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढ्या फरकास त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि पाचपट म्हणजे १५० मिलिअँपिअर फरकास ४० मिलिसेकंदांच्या आत मंडल तोडले पाहिजे. ओल्या फरशीवरील माणसातून सुमारे १५० मिलिअँपिअर जातात, असे वर आढळले. एमसीबीला न जाणवणारा तोच प्रवाह येथे दोन आवर्तनांच्या काळात तोडला जातो. माणसाला धक्का बसतोच, कारण आरसीसीबी प्रवाहाला अडवीत नाही, केवळ त्याचा काळ तोडतो. परंतु धक्का बसणे आणि प्राण जाणे यांतील अंतर हा काळच ठरवितो.

गीझरचे उदाहरणही आता निराळे दिसू लागते. दहा ओहमच्या त्याच भूसंपर्कातून ३० मिलिअँपिअर वाहू लागताच आरसीसीबी पडतो. त्या क्षणी कवचावरील दाब केवळ ०.३ व्होल्ट असतो. कवचाचा दाब ५० व्होल्टच्या आत ठेवावयाचा म्हटले तरी भूसंपर्काचा रोध १,६०० ओहमहून अधिक चालू शकेल. जमिनीच्या कोरडेपणाची अडचण येथे जवळजवळ संपते.

यावरून भूसंपर्क अनावश्यक झाला असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. अर्थिंग असल्यास दोष उत्पन्न होताच, कोणी स्पर्श करण्यापूर्वी, आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसल्यास कोणीतरी कवचाला हात लावल्यावरच गळती सुरू होते. म्हणजे दोष शोधण्याचे काम घरातील माणसाच्या देहाकडे येते. दोनच तारांच्या जुन्या घरात आरसीसीबी बसविणे काहीही नसण्यापेक्षा पुष्कळ चांगले, परंतु ती पूर्ण व्यवस्था नव्हे.

काही प्रचलित समजुती

आरसीसीबी पावसाळ्यात वारंवार पडतो, म्हणून तो काढून टाकण्याकडे किंवा बाजूने तार देण्याकडे कल असतो. ओलीने भिंतीतील तारांचे निरोधन कमी झाले, अंगणातील दिव्यात पाणी शिरले, गीझरची तापतार झिजली, की गळती वाढते. खंडक तीच दाखवीत असतो. एकेक मंडल वेगळे करून पाहिल्यास दोषाची जागा सापडते.

अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये अर्थ व न्यूट्रल यांची टोके एकमेकांस जोडून देण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. टेस्टरने पाहता सर्व ठीक दिसते. परंतु न्यूट्रल तार वाटेत कोठेही तुटली, तर चालू उपकरणातून फेजचा दाब त्या जोडणीमार्गे थेट कवचावर येतो. ज्या तारेने रक्षण करावयाचे तीच कवचावर दाब आणते.

टेस्टरवरही मर्यादेपलीकडे विश्वास टाकणे बरोबर नाही. त्यातील सुमारे दहा लाख ओहमच्या रोधामुळे देहातून सुमारे पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो, म्हणून तो वापरणाऱ्यास जाणवत नाही. एवढ्याशा प्रवाहाने चमकणारा दिवा शेजारच्या तारेच्या धारकतेमुळे आलेल्या दाबानेही चमकू शकतो, आणि कोरड्या, निरोधित जागी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फेजवरही अंधुक राहू शकतो. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर बोट फिरविताना जाणवणाऱ्या मुंग्याही चार्जरमधील धारित्रांतून येणाऱ्या अशाच क्षुद्र प्रवाहाच्या असतात. तीन पिनांच्या चार्जरच्या बाबतीत मात्र त्या भूसंपर्क नसल्याच्या सूचक ठरू शकतात, म्हणून त्यांची दखल घेणे योग्य.

रबरी चपलांविषयी इतकेच म्हणता येईल की, कोरड्या व अखंड असता त्या मोठा रोध देतात. त्या ओल्या असल्या, किंवा माणसाचा दुसरा हात नळाला अथवा भिंतीला टेकलेला असला, तर त्यांचा उपयोग नाही. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरल्यास आरसीसीबीसुद्धा वाचवू शकत नाही, कारण गेलेला प्रवाह पूर्णपणे परत येतो आणि फरक उरत नाही.

उपसंहार

सारांश, घरात तीन रक्षक असतात आणि प्रत्येकाचे कार्य भिन्न असते. फ्यूज किंवा एमसीबी तारेला आगीपासून वाचवितो. भूसंपर्क उपकरणाच्या कवचावरील दाब उतरवितो आणि दोषप्रवाहाला देहाबाहेरची वाट देतो. आरसीसीबी देहातून किंवा भूसंपर्कातून निसटलेला प्रवाह ओळखून तो तोडतो. एकाच्या अस्तित्वावरून दुसऱ्याचे काम होत आहे असे मानता येत नाही.

केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मूळ सुरक्षा विनियमांत गळती-रक्षक साधनाची तरतूद होती. परंतु २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटहून कमी भाराच्या मांडण्या तीतून वगळलेल्या होत्या. हे विनियम २०२३ साली नव्या विनियमांनी बदलले गेले. एक-दोन खोल्यांचे, जुन्या तारांचे, बादलीत रॉड सोडून पाणी तापविणारे घर भाराच्या दृष्टीने लहान असते. धोक्याच्या दृष्टीने ते लहान नसते. प्राण जाण्यास लागणारा प्रवाह घराच्या भारावर अवलंबून नाही.

आपल्या घरात कोणता खंडक आहे हे ओळखणे कोणासही शक्य आहे. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते, एमसीबीवर ते नसते. ते बटण दाबल्यावर खंडक पडला पाहिजे. न पडल्यास तो बदलावा. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी. मात्र तीवरून केवळ खंडकाची यंत्रणा चालू आहे एवढे सिद्ध होते. अर्थिंगची तार शाबूत आहे किंवा नाही हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञाकडून भूसंपर्काचा रोध मोजून घ्यावा लागतो, आणि तो उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजलेला असावा.